भाऊ की परका?



3 ऑक्टोबर 2013 रोजी लिबियाहून निघालेली बोट इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ बुडाली. 368 जणांना जलसमाधी मिळाली. बहुतेक एरिट्रियाचे होते. 2016 साली इटलीने हा दिवस स्मृतिदिन ठरवला. त्या निमित्ताने युरोपातील निरनिराळ्या देशांची शाळकरी मुले बेटावर एकत्र आली, बचावलेल्यांना भेटली, मानवी हक्कांचा धडा त्यांच्या तोंडून शिकली.

छळापासून वाचण्यासाठी दुसऱ्या देशात आसरा मागण्याचा हक्क 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात (कलम 14) आहे. हक्क म्हणजे उपकार नव्हे. उपकार देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. हक्क माणूस जन्मतःच घेऊन येतो, कारण तो देवाच्या प्रतिरूपात घडला आहे (उत्पत्ती 1:27).

दुर्घटनेच्या जेमतेम तीन महिने आधी, 8 जुलै 2013 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी याच बेटावर मिस्सा अर्पण केली. देवाने काईनाला भावाविषयी विचारलेला प्रश्न (उत्पत्ती 4:9) त्यांनी जगापुढे ठेवला. काईनाने उत्तर टाळले. आपण काय करणार?

चिंतनासाठी: मत्तय 25:31-46 घरी एकत्र वाचा. आपल्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबातील एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?