इशाऱ्याचा दिवा

पेट्रोलची गाडी चालवीत असता समोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, तर प्रथम एवढेच पाहावे, तो स्थिर आहे की लुकलुकतो आहे. स्थिर असून गाडी नेहमीप्रमाणे चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाण्यास सहसा हरकत नसते. काही गाड्यांत टाकीचे झाकण सैल राहिल्यानेही तो लागतो!

लुकलुकणारा दिवा मात्र गंभीर होय. बहुधा एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नसते. ते न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग अतिउष्णतेने निकामी होऊ शकतो. तेव्हा वेग उतरवून सुरक्षित जागी थांबावे. तेलाच्या बुधलीचा तांबडा दिवा लागल्यास तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

कित्येक जण बॅटरीची तार काढून पिवळा दिवा घालवितात. ह्यासारखी चूक नाही. दिव्यामागे संगणकाने दोषाचा संकेतांक नोंदलेला असतो. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरातील ज्वलनदोष. तार काढताच ही नोंद बहुधा पुसली जाते, दोष तसाच राहतो, आणि कारागिराला अंदाजाने भाग बदलावे लागतात. खर्च आपला!

जुनी गाडी घेताना इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवून पाहावे. हा दिवा तेव्हा क्षणभर तरी लागलाच पाहिजे. न लागल्यास विक्रेत्याला कारण विचारावे.