‘पोट्ट्याले पर्मनंट करतीन का?’

बार्शीटाकळी तालुक्यातून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचा आयटीआय झालेल्या मुलाला घेऊन वडील माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, अप्रेंटिस केली त पोट्ट्याले पर्मनंट करतीन का?’ याचं खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो, आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे अशी सक्ती मालकावर नाही. हे ऐकून अर्धे पालक मुलाला वायरिंगच्या ठेकेदाराकडे लावून देतात. महिना दहा-बारा हजार लगेच हातात येतात, आणि घराला त्याची गरज असते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

पक्क्या नोकरीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि वर्षभरात मुलाच्या हाताखालून कोणतं काम जाणार आहे ते विचारा. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बोर्डावर जोडणी शिकता येते, पण जळालेली डीपी, म्हणजे गावातलं रोहित्र, तिथे बघायला मिळत नाही.

महावितरणकडे शिकाऊ म्हणून लागलेला मुलगा साधारणपणे उपकेंद्रावर नाहीतर लाईनमनसोबत असतो. उपकेंद्रात ३३ केव्हीने वीज येते, ११ केव्हीने फीडरवर जाते आणि गावातल्या रोहित्रावर ४३३ व्होल्ट होते. पुस्तकात हे एका आकृतीत मावतं. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की हीच आकृती गरम व्हायला लागते. एका डीपीवर मंजूर भारापेक्षा जास्त पंप, त्यातही बरेचसे एकाच फेजवर, आणि किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी कोणीतरी घातलेली ॲल्युमिनियमची जाड तार. मग फ्यूज उडत नाही, रोहित्रच जळतं. टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचे अँपिअर स्वतः मोजणाऱ्या मुलाला ‘असमतोल भार’ म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट परमिटची, आणि आयांनी ही नीट वाचावी. लाईनवर काम करायचं तर आधी उपकेंद्रातून ब्रेकर उघडून फीडर बंद होतो आणि ऑपरेटर परमिट देतो. त्यानंतरही तारेला हात लावायचा नसतो. लाईन खरोखर मेली आहे का ते तपासायचं, डिस्चार्ज रॉड लावायचा, आणि जिथे काम आहे त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं. दोन्ही बाजूंना का? कारण पुढे कुठेतरी मंगल कार्यालयाचा जनरेटर चेंजओव्हरशिवाय जोडलेला असू शकतो आणि वीज उलटी येऊ शकते. तिकडून आलेला करंट रोहित्रातून उलटा चढून ११ हजार व्होल्ट होतो. ‘लाईन बंद आहे, चढ’ एवढ्या बोलण्यावर खांबावर चढायचं नाही, हे मुलाला घरूनच सांगून पाठवा. एकट्याने चढायचं तर मुळीच नाही. नाही म्हटल्याने साहेब रागावतील ही भीती त्याच्या मनातून काढणं हे आईवडिलांचं काम आहे. प्रशिक्षण चालू असताना दुखापत झाली तर शिकाऊ उमेदवारालाही भरपाईचा हक्क कायद्याने दिला आहे, पण त्यासाठी त्याचा करार नोंदलेला हवा.

पारसच्या वीज केंद्रातलं वर्ष अगदी वेगळं. महानिर्मितीच्या या केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. तिथे कोळशाच्या गिरण्या, पंखे आणि पाण्याचे पंप फिरवणाऱ्या मोठ्या मोटारी, त्यांचे ब्रेकर, रिले आणि बॅटरी रूम असते. मेगर लावून मोटारीचं इन्सुलेशन बघणं, बेअरिंगचं तापमान टिपणं, पॅनेलचं ड्रॉइंग वाचणं इथे जमतं. खांब आणि शिडी इथे फारशी नाही. मुलाला विद्युत सहायक व्हायचं असेल तर महावितरण बरं, कारखान्याच्या मेंटेनन्सला जायचं असेल तर पारस बरं. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिल आणि तेलाच्या गिरण्या आहेत, तिथेही शिकता येतं. पण तिथे मेंटेनन्सचा जाणता माणूस आहे की मुलगा नुसता पोती मोजत बसणार, हे स्वतः जाऊन पाहून या.

भुसावळचा रस्ता आपल्याकडे कमी मुलं धरतात, याचं मला नवल वाटतं. मध्य रेल्वे दरवर्षी सुमारे २,४०० शिकाऊ जागा काढते आणि त्यात भुसावळचे विजेच्या इंजिनांचे शेड आणि कारखाना आहेत. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. रेल्वेत शिकाऊ वर्ष पूर्ण केलेल्यांसाठी पुढे लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. म्हणून दहावीचे गुण ‘आता काय कामाचे’ म्हणून सोडून देऊ नका.

आता पैशाचं. २०१९च्या नियमांनी महिन्याचं किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला ७,०००, पदविकेला ८,००० आणि पदवीला ९,००० रुपये ठरवलं. सुधारणा होत असतात, म्हणून जाहिरातीतला आकडा धरा. बार्शीटाकळीहून अकोल्याला रोज ये-जा करणाऱ्याला यातले बरेच उरतात. पुण्याला खोली आणि मेस धरली तर घरून पाठवावे लागतात. दोन हजार जास्त मिळतात म्हणून चाकणला पळणाऱ्या मुलाला मी आधी कागदावर हिशेब मांडायला लावतो. पण कंपनी मोठी असेल, स्वतंत्र प्रशिक्षण विभाग असेल, तर घरून चार पैसे लावूनही पाठवावं. एवढ्यासाठी घरात भांडण झालं तरी चालेल.

गोंधळ होतो तो इथे: २०२४मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना म्हणजे अप्रेंटिस नव्हे. तिच्यातही पैसे मिळतात, पण तिथून राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळत नाही. ते प्रमाणपत्र नोंदलेला करार, पूर्ण केलेला कालावधी आणि शेवटची अखिल भारतीय परीक्षा यांवर मिळतं. पदविका-पदवीवाल्यांची नोंद वेगळ्या ‘नॅट्स’ पोर्टलवर होते आणि त्यांचं प्रमाणपत्र मुंबईच्या पश्चिम विभागीय शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडून येतं. आयटीआयवाल्यांचं पोर्टल असो की नॅट्स, दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. ‘तीन हजार द्या, महावितरणमध्ये बसवून देतो’ म्हणणारा माणूस चौकात भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अडचण असली तर अकोल्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात जा, शिकाऊ उमेदवारांचं काम तिथूनच चालतं.

अप्रेंटिसची संधी एकाच ट्रेडमध्ये पुन्हा मिळत नाही. म्हणून लागली त्या पहिल्या जागी सही करू नका, आणि केली तर मध्येच सोडू नका. गणपतीनंतर ‘बोअर झालं’ म्हणून घरी बसणारी मुलं दरवर्षी दिसतात.

मुलींबद्दल पालक अजून कचरतात. उपकेंद्र, मीटर टेस्टिंग, पॅनेलचं काम, पारसचा नियंत्रण कक्ष, यातलं कुठलंही काम मुलींना जड नाही. शिफ्टची वेळ आणि जाण्यायेण्याची सोय मात्र आधी विचारून घ्या.

वर्ष चालू असताना मुलाने रोजची डायरी ठेवावी: आज कोणता बिघाड आला, काय तपासलं, कशाने सुटला. मुलाखतीत ‘काय शिकलास?’ विचारल्यावर खाली मान घालणारे बरेच असतात, डायरीवाला बोलतो. दोन वर्षांचा आयटीआय असेल तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे, तारतंत्री परवाना काढून स्वतःचं काम सुरू करण्याचाही आहे. आणि शेतात सौर पंप लागत आहेत. त्यांचे कंट्रोलर बिघडले की दुरुस्त करणारा माणूस आपल्या तालुक्यातल्या पिंजर-महानकडे आजही अकोल्याहूनच बोलवावा लागतो.