दोन पारव्यांचं अर्पण



डिसेंबर लागला की आपल्या घरांत रात्रीची कुजबुज सुरू होते. मुलं झोपली असं समजून आई-वडील हलक्या आवाजात हिशेब मांडतात. यंदा मागावर काम कमी, विड्यांच्या मजुरीतून किराण्याची उधारीही फिटत नाही, आणि नाताळ तर तोंडावर आलेला. मग एकजण म्हणतो, "मालकाकडून उचल घेऊ." त्या उचलीबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी आठ वर्षांची असताना वडिलांची गिरणी बंद पडली. पोरांना काही कमी पडू नये म्हणून त्यांनी व्याजाने पैसे काढले. सोलापूरच्या नव्या पेठेतून आम्हा तिघा भावंडांना कपडे आले, बेकरीतला केक आला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला, सारी गल्ली पाळण्यात बसायला गेली. आम्ही मात्र घरीच. घेणेकरी येईल म्हणून वडील संध्याकाळी घरात थांबत नसत. पावसाळा आला तरी ते देणं फिटलं नव्हतं. त्या फ्रॉकचा रंग आज मला आठवत नाही. दारावरची थाप आठवते.

पुढच्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, उपासनेहून परतल्यावर आईने आम्हाला समोर बसवलं. डब्यातले पैसे सतरंजीवर ठेवले आणि म्हणाली, "एवढे आहेत. यात सण कसा करायचा, तुम्हीच सांगा." आम्ही रुसलो नाही. उलट, कधी नव्हे ते घरात आपलं मत विचारलं जातंय, याचं अप्रूप वाटलं. धाकटा म्हणाला, चांदणी मी करणार. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि पिठाची खळ एवढ्यात ती झाली. एक टोक वाकडंच राहिलं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती बोट करून दाखवायचा.

लूकच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग आपल्या नाताळच्या नाटिकेत कधी येत नाही. बाळ येशूला मंदिरात नेलं, तेव्हाचा. बाळंतपणानंतर कोकरू अर्पण करावं, ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिलं द्यावीत, असं शास्त्र होतं. मरिया आणि योसेफ यांचं अर्पण होतं ते दोन पाखरांचं, गरिबाचं. कोकरासाठी त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही, आणि दोन पाखरं घेऊन मंदिरात जायला ते लाजलेही नाहीत. ज्याचा जन्म आपण साजरा करतो, त्याचं घर असं होतं. मग आपण कुणापुढे संकोचायचं?

म्हणून माझं ऐका. आगमनकाळाचे चार रविवार असतात, ते वाटून घ्या. पहिल्या रविवारी मुलांसमोर हिशेब. दुसऱ्या रविवारी चांदणी आणि पताका, घरच्या कागदाच्या. तिसऱ्या रविवारी फराळ, शेजारणीबरोबर एकत्र: एकीचं तेल, एकीचा मैदा, करंज्या लाटायला चार हात. सुकामेवा नको, आपल्या सोलापुरात शेंगा आणि गूळ असताना लाडवांना काय तोटा? केक रव्याचा करा, कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून. छान फुगतो. नवा कपडा एकच घ्या, पण वर्षभर रविवारी घालता येईल असा. चौथा रविवार देण्याचा. दिवाळीत ज्यांच्या घरून फराळाचं ताट आलं, त्यांच्याकडे मुलांच्या हातून लाडू पाठवा. देणाऱ्या हाताला आपण गरीब आहोत असं वाटत नाही, हे मूल त्या दिवशी शिकतं.

आणि गाणं तर फुकटच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यांच्या हाती पैसा नव्हता. शब्द होते, झांजा होत्या. रंगभवनाजवळच्या फर्स्ट चर्चमध्ये गाताना शेजारच्या बाकावरच्या माणसाचा कपडा किती रुपयांचा, हे कुणाला ऐकू येतं का?

मुलांपासून ओढाताण लपवू नका. लपवलेली ओढाताण त्यांना कळतेच, फक्त ती भीती होऊन कळते. समोर मांडलेली ओढाताण त्यांना जबाबदारी वाटते.

यंदा उचल घेऊ नका. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक डबा ठेवा, मुलांच्या हाताने त्यात दर आठवड्याला 20 रुपये टाका. 50 आठवड्यांत 1,000 रुपये होतात. पुढच्या नाताळला तो डबा मुलांनाच उघडू द्या.