नव्या साथीदारांबरोबर व्यापारी सफर : निघण्यापूर्वी काय ठरवावे?

पूर्वी आपल्याकडील कापड व्यापारी कोलकात्याला निघाला म्हणजे गीतांजली एक्सप्रेसने सुमारे 30 तास प्रवासात जात. त्या वेळात सोबत्याचा स्वभाव कळे, भाव काय सांगायचा हे ठरे, हिशेबाचीही बोलणी होत. आता मुंबईहून विमान पावणेतीन तासांत कोलकात्याला पोहोचवते. वेळ वाचला हे खरे, परंतु एकमेकांना ओळखण्याची ती संधीही गेली. म्हणून जे पूर्वी वाटेत ठरत असे, ते आता घरून निघण्यापूर्वी ठरवले पाहिजे.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगितले जाते की, एकाने दुसऱ्याच्या भलेपणाची ग्वाही दिली तेव्हा त्यांनी विचारले : तू त्याच्या शेजारी राहिलास काय? त्याच्याशी पैशांचा व्यवहार केलास काय? त्याच्याबरोबर सफर केलीस काय? व्यापारी सफरीत यांपैकी दोन कसोट्या एकाच वेळी लागतात. भागीदारीचा कागद करण्यापूर्वी एक लहान सफर बरोबर करावी, हे त्यामुळेच शहाणपणाचे.

कोलकात्याचेच उदाहरण घेऊ. 1856 मध्ये अवधचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह मटियाबुर्जला येऊन राहिले. आज तो भाग तयार कपड्यांचे मोठे केंद्र आहे. तेथील शिवणकामाच्या मालकाला ‘ओस्तागर’ म्हणतात. त्यांचा बाजार शनिवार-रविवारी भरतो, तर पलीकडे हावड्यात मंगळवारची मंगला हाट आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागावरील कापडाला असे गिऱ्हाईक हवेच असते. दोन-तीन पेढ्या मिळून तेथे जाणार असतील, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1) एकाला पुढारी नेमा. काफिल्यात अमीर निवडण्याची रीत आपल्याला ठाऊकच आहे. विमानतळावर किती वाजता जमायचे, कोणत्या पार्टीकडे आधी जायचे, हे एकानेच सांगावे. वयाने मोठा असेल त्यालाच नेमावे असे नाही. त्या बाजाराची माहिती असेल त्याला नेमावे.

2) तिकिटावरील नाव तपासा. आपल्या नावांत घोटाळा फार. एकाच माणसाच्या ‘शेख’चे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर एक, पॅन कार्डावर दुसरे. कुणाचे आडनावच नसते. तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका. जे ओळखपत्र बरोबर नेणार त्याची प्रत द्या.

3) वेळ सांभाळा. देशांतर्गत विमानाचा सामान घेणारा काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी बंद होतो. गाडीप्रमाणे धावत जाऊन डबा पकडण्याची सोय येथे नाही. एकाला उशीर झाला तर बाकीच्यांनी थांबायचे की पुढे जायचे, हेही आधीच ठरवा. नाहीतर पहिल्याच दिवशी मने दुखावतात.

4) नमुन्यांचे वजन करा. बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर 15 किलो सामान आणि 7 किलो हातातील पिशवी नेऊ देतात. दीड मीटर पन्ह्याचे, चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचे कापड घेतले, तर 100 मीटरचेच 15 किलो होतात. म्हणून ताके नेऊ नका, कटिंगचे फोल्डर करा आणि ते सर्वांत वाटून घ्या. एकाची बॅग मागे राहिली तरी दुसऱ्याकडे नमुने असतील. कात्री व ब्लेड मोठ्या बॅगेत टाका, मोबाईलची पॉवर बँक मात्र हातातील पिशवीतच ठेवा.

5) बिल पेढीच्या नावाने घ्या. धंद्याच्या कामासाठी तिकीट काढताना आपला जीएसटी नंबर दिला, तर त्यावरील कराचा परतावा हिशेबात घेता येतो. हॉटेलचे तसे नाही. पश्चिम बंगालमधील हॉटेलवर तेथील राज्याचा कर लागतो व महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या पेढीला तो वळता होत नाही. ती रक्कम सरळ खर्चात धरा. प्रत्येक पेढीचे तिकीट वेगळ्या बिलावर असू द्या.

6) खर्चाची वही एकच ठेवा. सर्वांनी सारखी रक्कम एकाकडे जमा करावी व रोज रात्री हिशेब वाचून दाखवावा. “नंतर बघू” हे वाक्य मैत्रीचे वाटते, पण कटुतेची सुरुवात तेथूनच होते.

7) भाव एकानेच बोलावा. माझ्या पाहण्यातील गोष्ट आहे. तीन पेढ्यांची माणसे प्रथमच एकत्र गेली होती. 42 रुपये मीटरचा भाव ठरला होता. पार्टी जरा आढेवेढे घेऊ लागताच तिसरा घाईने म्हणाला, “साडेएक्केचाळीसला बसवू.” 20,000 मीटरच्या मालात 10,000 रुपये तर गेलेच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे होते. या तिघांत एकमत नाही, हे पार्टीच्या ध्यानात आले. पुढे तिने तिघांना वेगवेगळे फोन करून एकाचा भाव दुसऱ्याला ऐकवला आणि ती जोडी सहा महिन्यांत मोडली. माणूस बेइमान नव्हता. किती खाली यायचे व कोणी यायचे, हे कोणीच त्याला सांगितले नव्हते.

8) उधारीची मर्यादा आधी बांधा. नव्या गावात पाहुणचार चांगला होतो आणि संकोचाने माणूस 30 दिवसांचे 90 दिवस कबूल करून बसतो. किती दिवस, किती रकमेपर्यंत आणि पैसे बुडाल्यास तोटा कोणाच्या वाट्याला किती, हे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. दलाली कोण देणार तेही त्यातच लिहा.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत बसून हिशेब मिटवा. सोबत्याने आठ आण्यांचाही हिशेब स्वतःहून दिला, पार्टीसमोर तुमचा शब्द राखला आणि अडचणीत तोंड वाकडे केले नाही, तर त्याच्याबरोबर मोठे काम करण्यास हरकत नाही. तसे आढळले नाही, तर सलाम-दुआ कायम ठेवा व व्यवहार वेगळा ठेवा. एका तिकिटाच्या खर्चात माणूस कळला, तर तो सौदा महाग नाही.