सही करण्याआधी



काल रात्री तू फोनवर लेकाच्या शाळेचा कागद वाचून दाखवलास. ‘समावेशित’, ‘गृहाधारित’, ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या शब्दांपाशी तू अडखळत होतीस. शेवटी विचारलंस, “उद्या सही करून टाकू का?” नको. आधी हे पत्र वाच.

२०१४ साली मी अशीच सही केली होती. एका शाळेनं ‘गृहाधारित शिक्षण’ असं लिहिलेला अर्ज पुढे सरकवला. मला वाटलं, आता बाई घरी येऊन शिकवतील. कुणी आलं नाही. तुझा मावसभाऊ दोन वर्षं गॅलरीत बसून शाळेची घंटा ऐकत राहिला. घरी शिकण्याचा हा पर्याय शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आला. तो तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगत्व असलेल्या मुलांचा हक्क आहे. मूल सांभाळणं अवघड जातं म्हणून शाळेनं ते घरी पाठवावं, यासाठी तो नाही. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तुला आज सांगते.

डॉक्टरांनी लिहिलेली ‘स्वमग्नता’ म्हणजे निदान. मूल हाकेला ओ का देत नाही, कुकरच्या शिट्टीला कान का झाकतं, ते त्यातून समजतं. प्रमाणपत्रावरची टक्केवारी ही वेगळी गोष्ट, ते सरकारी माप. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. अशा मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांना हवी असेल तर विशेष शाळेत. दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड, काढून घे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. पण कार्ड येईपर्यंत शाळा थांबवू नकोस. सरकारमान्य शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, ही कायद्याची अट आहे, आणि तिला टक्क्यांची मर्यादा नाही.

बुद्ध्यंकाच्या आकड्यानं तू रडलीस. तपासणी कुठल्या भाषेत घेतली, हे विचारलंस का? आपल्याकडे वापरतात ती बिने-कामत चाचणी कामतांनी मुळात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. घरी मराठी बोलणाऱ्या आणि अजून दोनच शब्द जोडणाऱ्या पोराला अनोळखी खोलीत, अनोळखी माणसानं इंग्रजीतून प्रश्न विचारले, तर त्या आकड्यावर किती विसंबायचं? तपासणी नीट झाली असेल तरी तो आकडा त्या दिवसाचा आहे. पोराच्या सगळ्या आयुष्याचा नाही.

आता खरा कागद. त्याला ‘वैयक्तिक शिक्षण आराखडा’ म्हणतात, शाळेत आयईपी. माझा सगळा जोर यावर आहे. त्यात ‘सामाजिक कौशल्ये सुधारतील’ असं लिहिलं असेल तर परत कर. त्या वाक्याचा हिशोब कुणी मागू शकत नाही. ‘दिवाळीपर्यंत डबा स्वतः उघडेल’, ‘पाणी हवं असेल तर चित्र दाखवून मागेल’ असं हवं. पुढे कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळा, आणि जमलं की नाही हे कधी पाहणार, तेही हवं. वाचा उपचार लिहिले असतील तर ते शाळेत मिळणार की बाहेर पैसे भरून, हे तिथंच विचार. शाळा ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही’ म्हणाली तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत शिकवण्याचं, काम पाहणाऱ्यांना भेट. शाळेत जाऊन मदत करणं हे त्यांचंच काम आहे, तू उपकार मागत नाहीस.

जावईबापूंना सोबत ने. एकट्या आईला लोक लवकर गप्प करतात, मी अनुभवलंय. आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घेऊनच बाहेर पड.

शनिवारी सकाळच्या लोकलनं बदलापूरला उतरते, तिथून रिक्षानं कात्रपला तुझ्या घरी. तू, मी आणि जावईबापू मिळून तो कागद ओळीओळीनं वाचू. तोवर सही करू नकोस.

तुझी,
मावशी