जनरेटर घेण्याआधी मोटरीवरची पाटी वाचा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला. दुपार कलायच्या आत आगरातले निम्मे माड आडवे झाले, पोफळी मधोमध मोडल्या आणि विजेचे खांब रस्त्यावर आले. आमच्या घरी वीज परत यायला पंचवीस दिवस लागले. त्या पंचवीस दिवसांत जनरेटरच्या बाबतीत आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या कुणाच्याही हातून होऊ शकतात, म्हणून लिहिते आहे.

घरात सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. टाकीत जेमतेम एका दिवसाचं पाणी. विहिरीवरचा रहाट मोटर आली तेव्हाच काढून टाकलेला. चौथ्या दिवशी रस्ता थोडा मोकळा झाल्यावर यजमान तालुक्याला गेले आणि दुकानात जो एकच जनरेटर उरला होता तो घेऊन आले. पेट्रोलवर चालणारा, २ केव्हीएचा. "यावर सगळं घर चालतं," असं दुकानदाराने सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. दिवे लागले, फ्रीज सुरू झाला, सासूबाईंच्या खोलीतला पंखा फिरला. मग यजमानांनी विहिरीवरच्या मोटरीचं बटण दाबलं.

दिवे एकदम लालसर झाले. जनरेटरचा आवाज घशात अडकल्यासारखा खाली बसला. विहिरीकडून नुसती घूं-घूं ऐकू येत होती, पाणी थेंबभरही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाचव्या वेळी विहिरीकाठच्या मोनोब्लॉकमधून जळक्या वार्निशचा वास आला. वाइंडिंग गेलं. रिवाइंडिंग करणाऱ्याकडेही वीज नव्हती. पुढचे तीन आठवडे आम्ही दोरीला कळशी बांधून पाणी शेंदलं.

काय झालं होतं ते नंतर समजलं. आमची मोटर दीड एचपीची. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे दीड एचपीचे झाले साधारण ११००. पण हे मोटर जे काम बाहेर देते त्याचं माप. तेवढं काम करायला ती विजेचे पंधराशेच्या आसपास वॉट ओढते. आणि थांबलेली मोटर फिरायला लागते त्या क्षणी चालू करंटच्या कितीतरी पट, कधी पाच-सहा पट करंट मागते. महावितरणच्या लाइनवर तो धक्का पचून जातो, छोट्या जनरेटरला पचत नाही. व्होल्टेज पडतं, मोटर जागच्या जागी अडून राहते आणि वाइंडिंग तापत जातं. म्हणून मोटर चालवायची तर जनरेटर तिच्या चालू वॉटच्या साधारण तिप्पट ताकदीचा लागतो. दीड एचपीसाठी ५ केव्हीएच्या खाली बघूच नये.

२ केव्हीए म्हणजे २००० वॉट, हाही आमचा गैरसमज होता. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर मिळतात १६००. शिवाय जनरेटरच्या पाटीवर बहुधा दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक रेटेड. कमाल म्हणजे थोडा वेळ झेपणारं, रेटेड म्हणजे तासन् तास चालणारं. दुकानात मोठ्याने सांगितला जातो तो पहिला, आणि आपल्याला हवा असतो दुसरा.

मग ५ केव्हीएचा घ्यायला हवा होता का? माझं उत्तर, नाही. तो एकट्याने हलत नाही, पेट्रोल दुपटीहून जास्त पितो, आणि वादळानंतर पेट्रोलसाठीच रांगा असतात. मी एके रात्री वहीत घरातलं एकेक उपकरण लिहून काढलं. चार एलईडी दिवे नऊ-नऊ वॉटचे, दोन पंखे ७५ वॉटचे, फ्रीज साधारण दीडशे, फोनचं चार्जिंग. सगळं मिळून ४०० वॉटच्या आत. म्हणजे घरासाठी आमचा जनरेटर पुरून उरत होता. अडत होतं ते एका मोटरीपाशी, आणि दीड एचपी आम्ही लावली होती आगर शिंपायला. वादळं येतात ती पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळा सरता सरता. त्या दिवसांत आगराला शिंपणं लागतंच असं नाही, लागतं ते प्यायला आणि वापरायला. म्हणून आम्ही विहिरीवर घरापुरती अर्ध्या एचपीची दुसरी मोटर बसवली. बाकी सगळं बंद ठेवून ती लावली की त्याच जनरेटरवर चालते आणि अर्ध्या तासात ५०० लिटरची टाकी भरते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं तेव्हा आमच्याकडे पाण्याची ओढाताण झाली नाही.

मासळीचे डीप फ्रीजर असतील, दिवसाला आठ-दहा तास चालवायचा असेल, तर डिझेलचाच घ्यावा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं नाजूक यंत्र असेल तर इन्व्हर्टर पद्धतीचा घ्यावा. महाग पडतो, पण वीज स्थिर देतो.

आता दुसरी चूक. ती आठवली की आजही हात गार पडतात.

जनरेटरची वीज घरात घ्यायला शेजारच्या एका मुलाने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून दिली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं पडवीतल्या सॉकेटमध्ये. सगळ्या घरात वीज खेळली. कामाची युक्ती वाटली, आम्ही त्याचे आभार मानले. विसाव्या दिवशी वायरमन आमची तुटलेली सर्व्हिस वायर जोडायला आला. शिडी लावण्याआधी जनरेटरचा आवाज ऐकून तो आत आला आणि म्हणाला, "वहिनी, मेन बंद आहे ना?" मी बघायला गेले. मेन चालू होता.

त्याने जनरेटर बंद केला, ती वायर उपटली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. मग शांतपणे समजावून सांगितलं. मेन चालू असेल तर जनरेटरची वीज घरात थांबत नाही, उलटी लाइनवर जाते. ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो, तसाच तो उलटही चालतो. लाइन बंद आहे असं समजून तिकडे कुणी खांबावर काम करत असेल तर तो वाचत नाही. आमची सर्व्हिस वायर तुटलेली होती म्हणून वीज लाइनपर्यंत पोचली नाही. ती कुठपर्यंत पोचत होती, ते तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या वायरचं उघडं टोक आगरातल्या ओल्या गवतात पडलेलं होतं, आणि कळशी घेऊन मी रोज ती ओलांडून विहिरीवर जात होते.

आता मीटरशेजारी चेंजओव्हर स्विच आहे. एकतर लाइन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम जोडताच येत नाहीत. अर्थिंगही करून घेतलं. हा खर्च जनरेटरच्या किमतीतच धरा, आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत ठेवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आम्ही आधी तिथेच ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं आणि मळमळायला लागलं, तेव्हा आम्ही तो उचलून अंगणाच्या टोकाला नेला, वर पत्रा टाकला आणि चारही बाजू मोकळ्या ठेवल्या. वापर नसताना टाकीत पेट्रोल ठेवू नका, कार्ब्युरेटर चिकटतो. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लोड देऊन चालवा. नव्या जनरेटरचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं असतं. सतत चालवला तर हे वीस तास एका दिवसातच भरतात.

आणि एक विनंती. लाइन गेलेली असताना तुमच्याकडे जनरेटर सुरू असेल, तर वायरमन शिडी लावायच्या आत बाहेर जा आणि त्याला तसं सांगा. त्याने विचारण्याची वाट बघू नका.