विदागाराच्या दप्तरातील फंक्शनचा शोध

कार्यालयातील प्रत्येक निर्णयामागे एखादा नियम असतो. तो कोणत्या धारिकेत आहे, हे ठाऊक नसेल तर निर्णयाचे समर्थन करता येत नाही. संगणकीय विदागाराचेही तसेच आहे. व्याजाची आकारणी, पात्रतेची तपासणी, शुल्काची सूट यांचे नियम पुष्कळदा विदागारातच साठवलेले असतात. अशा साठवलेल्या नियमाला फंक्शन म्हणतात. तो कोठे व कसा शोधावा, हे समजून घेणे संगणकतज्ज्ञांइतकेच त्यावर विसंबणाऱ्या अधिकाऱ्यांनाही उपयोगाचे आहे.

दप्तराचे स्वरूप

आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक विदागाराची कल्पना मांडली. सर्व माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवावी, हे तिचे सूत्र. १९८५ साली त्यांनी जे नियम सांगितले, त्यांत विदागाराचे स्वतःविषयीचे वर्णनही सामान्य माहितीप्रमाणेच तक्त्यांत असावे व त्याच भाषेत विचारता यावे, अशी अपेक्षा होती.

या तत्त्वाचे उत्तम उदाहरण म्हणजे पोस्टग्रेसक्यूएल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून ते विकसित झाले. त्यात ‘पीजी_प्रॉक’ नावाचा तक्ता असून प्रत्येक फंक्शनसाठी एक ओळ असते. अलीकडच्या आवृत्त्यांत नव्या, रिकाम्या विदागारातही अशा सुमारे तीन हजार ओळी अंगभूत फंक्शनच्या असतात.

प्रत्येक ओळीस ओआयडी हा क्रमांक असतो. ‘प्रोनेम’ या स्तंभात नाव, ‘प्रोओनर’मध्ये मालक, ‘प्रोआर्गटाइप्स’मध्ये आदानांचे प्रकार आणि ‘प्रोएसआरसी’मध्ये सामान्यतः मूळ मजकूर आढळतो. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून काही फंक्शनचा मजकूर ‘प्रोएसक्यूएलबॉडी’ या वेगळ्या स्तंभात जातो. म्हणून ‘पीजी_गेट_फंक्शनडेफ’ या सोयीस ओआयडी देऊन संपूर्ण व्याख्या मागवणे अधिक चांगले.

नुसते नाव पुरेसे नाही

एकाच गावात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असाव्यात, तशी एकाच नावाची अनेक फंक्शन असू शकतात. आदानांचे प्रकार किंवा स्कीमा, म्हणजे विदागारातील विभाग, भिन्न असला की झाले. नाव, आदानांचे प्रकार व स्कीमा या तिहींच्या मेळानेच फंक्शनची ओळख पटते.

स्कीमा न सांगता फंक्शन बोलावले, तर विदागार ठरलेल्या शोधमार्गातील स्कीमा पाहते. सारख्याच आदानांची दोन फंक्शन सापडली, तर मार्गात आधी येणारे निवडले जाते. म्हणून एखाद्याने आधीच्या स्कीमात त्याच नावाचे दुसरे फंक्शन ठेवले, तर हिशेब मुकाट्याने बदलू शकतो. हा धोका ओळखून २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून नव्या विदागारांत ‘पब्लिक’ स्कीमात वस्तू निर्माण करण्याची सरसकट मुभा काढून घेण्यात आली.

तीन सावधगिऱ्या

पहिली : या तक्त्यातील मजकूर विदागारात प्रवेश असलेल्या कोणासही सामान्यतः वाचता येतो. फंक्शन चालवण्याचा अधिकार काढून घेतला तरी मजकूर झाकला जात नाही. म्हणून त्यात संकेतशब्द कधीही लिहू नये.

दुसरी : मजकूर साध्या अक्षरमालेच्या रूपात असेल, तर त्यात कोणत्या तक्त्यांचा उल्लेख आहे याची नोंद विदागार ठेवत नाही. तक्ता काढून टाकला तरी हरकत घेतली जात नाही. चूक उघडकीस येते ती फंक्शन चालवताना.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची फेरफार नोंद होते व जुना हक्कही शोधता येतो. पीजी_प्रॉक मात्र फेरफारांची वही नव्हे. फंक्शन बदलले की तेथे नवा मजकूर दिसतो. जुना कोणता होता, कोणी व केव्हा बदलला, हे त्यातून कळत नाही.

एखाद्या अर्जदाराला गेल्या वर्षी अपात्र का ठरवले, असा प्रश्न आल्यास आजचा नियम दाखवून भागत नाही. त्या दिवशीचा नियम दाखवावा लागतो. यासाठी प्रत्येक बदलापूर्वी फंक्शनची पूर्ण व्याख्या उतरवून घेऊन ती दिनांक, कारण व मंजुरीसह विदागाराबाहेर जतन करावी. यंत्र नियमाचे पालन अचूक करील. नियमाचा इतिहास जपण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच आहे.